हायफाय : निष्ठेचा आणि तारेचा इतिहास

मराठीत ‘हायफाय’ हा शब्द ज्या अर्थाने रुळला आहे, त्या अर्थाचा ध्वनीशी फारसा संबंध उरलेला नाही. हायफाय हॉटेल, हायफाय सोसायटी, ‘तुमचं काय बाबा, सगळंच हायफाय’ अशा प्रयोगांत तो उंची, चकचकीत, सामान्यांना न परवडणारे असे काहीतरी सुचवतो. मुळात मात्र हे एका इंग्रजी जोडशब्दाचे लघुरूप आहे आणि त्या जोडशब्दाचा अर्थ आहे ‘उच्च प्रतीची निष्ठा’. १९३० च्या दशकात ध्वनिमुद्रण आणि नभोवाणी या क्षेत्रांत तो रूढ झाला, तेव्हा त्यातील निष्ठा ही मुळाशी असलेली निष्ठा होती : गायकाच्या कंठातून जे निघाले तेच, तेवढेच आणि तसेच श्रोत्याच्या कानापर्यंत पोहोचवण्याची. निष्ठेचा वाचक असलेला शब्द ऐश्वर्याच्या प्रदर्शनाचा वाचक व्हावा, हा केवळ भाषिक अपघात नसावा. घरात ‘होम थिएटर’ बसवताना कोणती यंत्रे घ्यावीत आणि ती जोडण्यासाठी कोणत्या तारा वापराव्यात, हा वरवर पाहता दुकानातला प्रश्न. पण त्याच्या मागे दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि तो मूळ व प्रत यांच्या संबंधाचा इतिहास आहे. साहित्याच्या अभ्यासकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही.

१

तारेच्या शुद्धतेची चर्चा दिवाणखान्यात सुरू झाली नाही; ती समुद्राच्या तळाशी सुरू झाली. ऑगस्ट १८५८ मध्ये आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांच्या दरम्यान, अटलांटिकच्या तळाशी, तीन हजारांहून अधिक किलोमीटर लांबीची तारायंत्राची केबल टाकण्यात आली. राणी व्हिक्टोरियाने अमेरिकेचे अध्यक्ष ब्यूकॅनन यांना पाठवलेला ९८ शब्दांचा संदेश या केबलमधून जायला सुमारे १६ तास लागले. तारेच्या एका टोकाला दिलेला नेमका, टोकदार ठोका दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पसरट आणि पुसट होत असे. एक संकेत संपण्याआधी दुसरा त्यात मिसळे. ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी हे गणिताने आधीच दाखवून दिले होते : तारेची लांबी दुप्पट झाली की हा विलंब चौपट होतो. कंपनीचे विद्युत-अधिकारी वाइल्डमन व्हाइटहाउस यांना हे मान्य नव्हते. संकेत क्षीण येतो तर दाब वाढवावा, या समजुतीने त्यांनी केबलला सुमारे २००० व्होल्टचे झटके दिले. काही आठवड्यांतच ती केबल कायमची मुकी झाली.

या प्रकरणातील आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. टॉमसन यांनी बाजारात मिळणाऱ्या तांब्याचे नमुने तपासले, तेव्हा दिसायला सारख्या असणाऱ्या तांब्याच्या वाहकतेत मोठी तफावत असल्याचे त्यांच्या लक्षात आले. तांब्यातील अल्पशी अशुद्धीसुद्धा वाहकता लक्षणीयरीत्या घटवत होती. तेव्हापासून केबलसाठी घेतलेल्या तांब्याची कारखान्यातच चाचणी घेण्याची प्रथा पडली. १८६६ साली ‘ग्रेट ईस्टर्न’ या महाकाय जहाजाने टाकलेली अटलांटिक केबल टिकली आणि याच जहाजाने १८७० साली मुंबई ते एडन ही केबल टाकली. मुंबईचा लंडनशी समुद्री तारेने झालेला संबंध हा असा तपासलेल्या तांब्यावर उभा होता.

‘शुद्ध तांबे’ हा शब्दप्रयोग या संदर्भात पूर्णपणे सार्थ होता. त्यामागे मोजमाप होते, अपयश होते, आणि मुख्य म्हणजे हजारो किलोमीटरचे अंतर होते. हे अंतर लक्षात ठेवावे. पुढच्या सगळ्या विवेचनाची किल्ली तिथे आहे.

२

तारायंत्रामागून दूरध्वनी आला आणि तारेचे काम अधिक नाजूक झाले. ठोक्यांऐवजी आता माणसाचा आवाज, त्यातील ऊनस्वर-तीव्रस्वरांसह, वाहून न्यायचा होता. लांबच्या दूरध्वनी-तारांवर एका जोडीतले बोलणे शेजारच्या जोडीत झिरपे. ही झिरप कमी करण्याच्या कामावर १९२० च्या दशकात लंडनमध्ये एक तरुण अभियंता होता : ॲलन ब्लूमलाइन. पुढे तो ग्रामोफोनच्या क्षेत्रात आला आणि डिसेंबर १९३१ मध्ये त्याने ज्या एकस्वाधिकारासाठी अर्ज केला, त्यात आज आपण ज्याला ‘स्टीरिओ’ म्हणतो त्याची जवळजवळ संपूर्ण मांडणी होती. दोन कान असलेल्या माणसाला एकाच कर्ण्यातून जग ऐकवणे अपुरे आहे. दोन वाहिन्यांतून आवाज दिला तर श्रोत्याला ध्वनीची दिशाही कळेल, असा तो विचार. दोन वाहिन्यांतले बोलणे एकमेकांत मिसळू नये म्हणून झटलेला माणूसच दोन वाहिन्यांच्या मेळातून अवकाश निर्माण करू शकला, ही गोष्ट मोठी अर्थपूर्ण आहे. १९४२ साली, वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी, युद्धकालीन रडारच्या चाचणीदरम्यान विमान कोसळून त्याचा मृत्यू झाला. स्टीरिओ तबकड्या घराघरांत पोहोचल्या त्या १९५८ नंतर.

दूरध्वनीच्याच जगात, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने २७ एप्रिल १९३३ रोजी आणखी एक प्रयोग केला. फिलाडेल्फियाच्या सभागृहात वाद्यवृंद वाजत होता आणि वॉशिंग्टनच्या सभागृहात रिकाम्या रंगमंचावर तीन ध्वनिक्षेपक ठेवले होते. तीन स्वतंत्र वाहिन्यांतून, दूरध्वनीच्या तारांवरून, वाद्यवृंद दुसऱ्या शहरात ‘उभा’ करण्यात आला. वाद्यवृंदाचे नेहमीचे संचालक स्टोकोव्स्की त्या दिवशी वादकांसमोर नव्हते. ते वॉशिंग्टनमध्ये श्रोत्यांच्या बाजूला बसून तिन्ही वाहिन्यांचा आवाज कमीजास्त करत होते. मूळ कलाकृतीचा कर्ता प्रतीच्या बाजूला जाऊन बसला, असे याचे वर्णन करता येईल.

३

इथे निष्ठेचा प्रश्न अवघड होतो. प्रत मुळाशी प्रामाणिक आहे हे ठरवायचे कोणी आणि कसे?

१९१५ पासून सुमारे दहा वर्षे एडिसनच्या कंपनीने अमेरिकेत जागोजाग जाहीर कार्यक्रम केले. रंगमंचावर गायिका आणि तिच्या शेजारी फोनोग्राफ. गायिका गाई, मध्येच थांबे, यंत्र पुढे गात राही. कधी दिवे मालवले जात. आता कोण गाते आहे हे श्रोत्यांनी ओळखावे, आणि ते त्यांना ओळखता येत नाही, हा जाहिरातीचा गाभा. त्या काळच्या फोनोग्राफचा आवाज आज ऐकला तर ही गोष्ट अविश्वसनीय वाटते. उलगडा असा की या कार्यक्रमांत गाणाऱ्या ॲना केस या गायिकेने पुष्कळ वर्षांनी सांगितले, की ती आपला आवाज यंत्राच्या आवाजाला जुळेल असा ठेवीत असे. म्हणजे प्रत मुळाशी एकनिष्ठ नव्हती. मूळच प्रतीशी जुळवून घेत होते.

संहितेच्या अभ्यासकाला हा पेच ओळखीचा वाटेल. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांच्यासमोरही हाच प्रश्न होता. पाठांत अपभ्रष्टता शिरली होती; मूळ हस्तलिखित हाताशी नव्हते; होत्या त्या प्रतीच. ‘शुद्ध’ ठरवताना प्रतींची तुलना आणि स्वतःचा विवेक एवढीच साधने होती. त्यांनी पुढच्या लेखकांना पदरची भर न घालण्याचा इशारा दिला, यावरून भर घातली जाते आणि ती भक्तीपोटीच घातली जाते, हे त्यांना ठाऊक होते असे दिसते. ध्वनीच्या बाबतीतही ‘सुधारणा’ करणारे बहुधा भक्तच असतात.

४

चित्रपटगृहाने ध्वनीला अवकाशाची गोडी लावली. डिस्नेच्या ‘फँटेशिया’ या चित्रपटासाठी १९४० साली ‘फँटासाउंड’ नावाची बहुवाहिनी यंत्रणा बनवण्यात आली. ती इतकी खर्चिक होती की मोजक्याच ठिकाणी बसवता आली. आपल्याकडे १९७५ चा ‘शोले’ ७० मिलिमीटर पडद्यावर स्टीरिओ ध्वनीसह आला. या चित्रपटाच्या संवादांची तबकडी पॉलिडोर कंपनीने काढली आणि ती अफाट खपली. चित्राविना चित्रपट घरात ऐकण्याची ही रीत होती. ‘होम थिएटर’ हा शब्द येण्यापूर्वीच आपण घरात थिएटर ऐकू लागलो होतो, असे म्हणायला हरकत नाही.

प्रत्यक्ष ‘होम थिएटर’चा मार्ग ज्या नावाशी जोडला गेला आहे ते रे डॉल्बी हे १९६३ ते १९६५ या काळात संयुक्त राष्ट्रांचे सल्लागार म्हणून भारतात होते. त्यानंतर १९६५ साली लंडनमध्ये त्यांनी आपली प्रयोगशाळा काढली. ध्वनिफितीची खरखर कमी करणे हे तिचे पहिले काम. १९७० च्या दशकात याच प्रयोगशाळेने चित्रपटाच्या फितीवरील दोनच पट्ट्यांत चार वाहिन्या (डावी, मधली, उजवी आणि मागची) गुंफण्याची रीत आणली. याचा एक न ठरवलेला परिणाम असा झाला, की असे चित्रपट व्हिडिओ कॅसेटवर आले तेव्हा त्या दोन पट्ट्यांत मागची वाहिनी दडूनच घरात आली. १९८२ पासून ती उलगडून दाखवणारी यंत्रे घरांसाठी मिळू लागली. १९९२ च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’पासून चित्रपटगृहात अंकीय डॉल्बी आले आणि १९९६ अखेर जपानमध्ये सुरू झालेल्या डीव्हीडीने ‘पाच-दशांश-एक’ ही रचना घरोघर नेली : पुढे तीन, मागे दोन असे पाच स्पीकर आणि केवळ खर्जासाठी एक पेटी. पुढे त्यात डोक्यावरून येणाऱ्या आवाजाचीही भर पडली. साहजिकच खोलीभर तारा आल्या. आणि तारा आल्या तसा तारांचा बाजारही आला.

५

१९७० च्या दशकापर्यंत स्पीकर जोडायला लोक दिव्याची साधी दुपदरी वायर वापरत. तार ही विकण्याजोगी गोष्ट आहे असे कोणाला फारसे वाटत नव्हते. त्या दशकात जाड आणि खास तारांची चर्चा सुरू झाली आणि १९७९ साली नोएल ली या अभियंत्याने सॅन फ्रान्सिस्कोत ‘मॉन्स्टर केबल’ ही कंपनी काढली. तिच्या यशानंतर तार हे स्वतंत्र ‘उपकरण’ झाले. ऑक्सिजनरहित तांबे, चांदीचे पदर, सोन्याचा मुलामा, तारेतील प्रवाहाची ‘दिशा’ दाखवणारे बाण अशी एक संपूर्ण परिभाषा घडत गेली. ही परिभाषा ऐकताना टॉमसन यांच्या तांब्याची आठवण होते. शब्द जवळपास तेच आहेत. गळाले आहे ते फक्त अंतर.

ते अंतर मोजून पाहू. अॅम्प्लिफायरपासून स्पीकर पाच मीटरवर आहे असे धरू. जाण्या-येण्याची मिळून तांब्याची लांबी दहा मीटर. घरातल्या वायरिंगसाठी विजेच्या दुकानात मिळणारी १.५ चौरस मिलिमीटर जाडीची तार घेतली, तर तिचा एकूण रोध सुमारे ०.११५ ओहम भरतो. स्पीकर ८ ओहमचा असेल, तर या तारेमुळे आवाजात पडणारा फरक साधारण ०.१२ डेसिबल. संगीत ऐकताना माणसाच्या कानाला सहसा जाणवतो तो फरक एक डेसिबलच्या आसपासचा. याउलट ०.२ चौरस मिलिमीटरची केसासारखी तार वापरली, तर रोध ०.८६ ओहमपर्यंत जातो आणि फरक ०.९ डेसिबलच्या घरात. स्पीकरचा रोध प्रत्येक स्वराला सारखा नसल्यामुळे आवाजाचा तोलही थोडा ढळतो. म्हणून बारीक तार टाळावी, अंतर वाढेल तशी जाडी वाढवावी, ४ ओहमच्या स्पीकरला दुप्पट जाड तार घ्यावी. चांदीची वाहकता तांब्यापेक्षा जेमतेम ६ टक्क्यांनी अधिक आहे. तेवढा लाभ तार किंचित जाड घेतल्याने मिळतो. सोने तर तांब्याहून कमी वाहक आहे. जोडाच्या टोकाला त्याचा मुलामा देतात तो ते गंजत नाही म्हणून. आपल्या दमट किनारपट्टीवर हा गुण अगदीच निरुपयोगी नाही, पण तो टिकाऊपणाचा गुण आहे, माधुर्याचा नव्हे.

१९८३ साली ‘स्टीरिओ रिव्ह्यू’ या अमेरिकी मासिकाने श्रोत्यांना कोणती तार जोडली आहे हे न सांगता चाचणी घेतली. जाड साधी तार आणि महागडी केबल यांतला फरक श्रोत्यांना संगीतात खात्रीने ओळखता आला नाही. अगदी बारीक तार मात्र विशिष्ट चाचणी-ध्वनीत पकडली गेली. वरचे गणित हेच सांगते.

मग एवढा बाजार कशावर उभा राहिला? याचे उत्तर भाषेत आहे. १९६२ साली ‘स्टीरिओफाइल’ आणि १९७३ साली ‘द ॲब्सोल्यूट साउंड’ ही नियतकालिके निघाली. आकडे सगळे सांगत नाहीत, कानांनी ऐकून लिहिले पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. स्पीकरबाबत ती बरीचशी रास्तही होती. त्यातून उबदार, पारदर्शक, मखमली, खोल, हवेशीर अशा विशेषणांची समीक्षा जन्माला आली. ही विशेषणे आपल्याला कुठून ओळखीची वाटतात? ‘तरल’, ‘अर्थगर्भ’, ‘आशयघन’, ‘अस्सल’ अशी विशेषणे आपणही कवितासंग्रहांच्या परीक्षणांत वर्षानुवर्षे वापरत आलो आहोत. विशेषण वापरणे हा दोष नाही. प्रश्न एवढाच, की संग्रहाचे मुखपृष्ठ आणि कवीचे नाव झाकले तरी ते विशेषण आपल्याला त्याच कवितेला लावता येईल का? तारेवर लिहिणाऱ्या समीक्षकाचे विशेषण तार झाकल्यावर गळून पडले. तो खोटे बोलत होता असे मात्र नाही. किंमत, नाव आणि अपेक्षा यांनी ऐकण्याचा अनुभव खरोखरच बदलतो. त्याने जे ऐकले ते त्याच्यापुरते खरे होते. चूक झाली ती त्या अनुभवाचे कारण तारेत शोधण्यात. रसिकता आणि कारणमीमांसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे भान सुटले की रसिकाचे ग्राहकात रूपांतर व्हायला वेळ लागत नाही.

६

अंकीय केबलने तर ही विशेषणे अधिकच निराधार केली. २००२ साली निश्चित झालेल्या एचडीएमआय जोडणीतून ध्वनी आणि चित्र आकड्यांच्या रूपाने जातात. हस्तलिखिताच्या प्रतीत अक्षर पुसट होते, वळण बदलते, पाठभेद शिरतो. छापील मजकुरात अक्षर असते किंवा नसते. अंकीय संकेत या दुसऱ्या प्रकारात मोडतो. केबल कमी पडली तर आवाज तुटतो, पडद्यावर ठिपके चमकतात, किंवा सारेच बंद होते. आवाज ‘थोडा कमी उबदार’ होत नाही. म्हणून ही केबल घेताना आपल्या यंत्रांना लागणारा वेग ती पेलते का आणि गरजेपेक्षा फार लांब तर नाही ना, एवढे पाहिले की पुरते. तबकडीयंत्राकडून किंवा ध्वनिग्राहकाकडून येणारी तार मात्र आवरणयुक्त हवी, कारण त्यातला संकेत अतिशय क्षीण असतो आणि विजेची घरघर त्यात सहज शिरते. सगळे स्पीकर एकाच धन-ऋण क्रमाने जोडले आहेत ना, हेही तपासावे. एक उलटा जोडला गेला तर खर्ज हरवतो, आणि तो कोणत्याही किमतीच्या केबलने परत येत नाही.

निष्ठेचा खरा घात होतो तो बहुधा खोलीत. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातील एका नव्या व्याख्यानगृहात बोललेले काही कळत नाही अशी तक्रार होती. वॉलेस साबिन या तरुण प्राध्यापकाकडे हे काम आले. दुसऱ्या सभागृहातील खुर्च्यांच्या गाद्या रात्री वाहून आणायच्या, ऑर्गनच्या नळीचा आवाज विरायला किती सेकंद लागतात ते मोजायचे, आणि पहाटेपूर्वी गाद्या परत ठेवायच्या, असा त्यांचा क्रम होता. यातून खोलीचे आकारमान, तिच्यातील शोषक पृष्ठभाग आणि आवाज रेंगाळण्याचा काळ यांचे सूत्र हाती आले. ध्वनिशोषणाचे त्यांचे माप होते ‘उघडी खिडकी’, कारण उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. फरशीची जमीन, उघड्या सिमेंटच्या भिंती आणि काचेच्या खिडक्या असलेल्या आपल्या सदनिकांत आवाज परत परत येतच राहतो. तिथे एक जाड सतरंजी, एक पडदा आणि भिंतीलगतचे पुस्तकांचे कपाट जे करते, ते चांदीच्या तारेला जमत नाही. पैसे मर्यादित असतील, आणि आपल्यापैकी बहुतेकांचे ते असतातच, तर आधी स्पीकर, मग त्यांची जागा आणि खोली, मग अॅम्प्लिफायर, आणि तारेसाठी विजेचे दुकान, असा क्रम इतिहास सुचवतो.

७

१ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि वर्षभर दर आठवड्याला एक अशी ५६ गीते प्रसारित झाली. रेडिओला एकच स्पीकर होता. लहरीतून खरखर येत असे. सूक्ष्म तीव्रस्वर तर वाटेतच गळत. तरी त्या वेळेला रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून बसणारी माणसे होती, याच्या आठवणी पुष्कळांनी लिहून ठेवल्या आहेत. यावरून तंत्राला महत्त्व नाही असा निष्कर्ष काढणे सोपे, पण चुकीचे आहे. टॉमसन, ब्लूमलाइन, साबिन यांनी जे मिळवले ते खरे आहे. त्यांच्याशिवाय आज आपल्याला एखाद्या गायकाचा श्वासही इतक्या जवळून ऐकू आला नसता. त्या श्रोत्यांकडून शिकण्यासारखे एवढेच, की निष्ठेचे दोन भाग असतात : एक यंत्राने मुळाशी राखायची आणि दुसरी ऐकणाऱ्याने ऐकण्याशी राखायची. पहिली मोजता येते, म्हणून तिच्याबाबत कोणी दावा केला तर मोजमाप मागावे. दुसरी मोजता येत नाही, म्हणून ती विकतही मिळत नाही. ‘हायफाय’ या शब्दाचा अर्थ बदलला तो दुसरी निष्ठा पहिलीच्या किमतीत विकायला निघाल्यापासून.